दोन पूल आणि काकांची होडी

बाकावर दोन पैलवानांच्या मध्ये बसलेल्याला जेवढी जागा मिळते, तेवढा आमचा देश. दोन बडे शेजारी, त्यांचं आपसात हाडवैर. आमच्यावर मात्र दोघांचं अतोनात प्रेम. त्या प्रेमापोटी उत्तरेकडच्यांनी आमच्या नदीवर पूल बांधून द्यायचं ठरवलं. हे कळताच दक्षिणेकडच्यांनीही ठरवलं. त्याच नदीवर, अगदी खेटून.

त्या नदीवर माझे काका होडी चालवतात. पूल झाला की होडी बसली. काकांच्या तोंडचं पाणी पळालं. पण आपला पूल वीतभर तरी उंच हवा, असं दक्षिणेच्या इंजिनिअरला वाटलं. मग उत्तरेच्याला हातभर उंच हवा झाला. आता दोन्ही पूल ढगांच्या दिशेनं निघालेत; पलीकडचा काठ कुणाच्या लक्षातच नाही.

"कष्टाळू आहेत हो दोघं," काका कौतुकानं म्हणतात.

मी दोघांचा दुभाषा. परवा हुकूम आला: समेट होतोय, इंजिनिअरांनी भेटून एकच पूल पुरा करावा. दोघांचे तंबू समोरासमोरच्या काठांवर. कुणी कुणाकडे जायचं यावरून सकाळ गेली. शेवटी भर नदीत भेटायचं ठरलं, काकांच्या होडीत.

होडीत सगळंच जमत गेलं. एकानं दुसऱ्याला बिस्किटसुद्धा दिलं. काकांचं वल्हं मंदावलं.

"काय म्हणतायत रे?"

"एकच पूल. लवकरच तयार."

"वा! गुणाची लेकरं," काका म्हणाले, कडू औषध गिळल्यासारखं तोंड करून. मग अगदी साळसूदपणे, "सहज विचार हं, उद्घाटनाची फीत कोण कापणार?"

"काका, नको ना."

"अरे विचार! पगार कशाचा घेतोस?"

विचारलं.

"आम्ही!" दोघं एकदमच म्हणाले. मग दोघं उभे राहिले. होडी डुलायला लागली. बिस्किट परत मागण्यात आलं. ते अर्धं खाऊन झालं होतं, म्हणून निषेध नोंदवण्यात आला.

"परत सोडा आम्हाला!" दोघांचं यावर मात्र एकमत.

"एकाच काठाला सोडू का?" काकांनी विचारलं.

मी भाषांतर केलं. दोघांचे चेहरे बघून काकांनी वल्हं उचललं.

"बरं बरं, दोन फेऱ्या मारतो. आणि साहेबांना सांग, पुन्हा समेट करायचा झाला तर संकोच करू नका. होडी तुमचीच आहे."