तुटक रेषेचं वळण

पत्राच्या शेवटी चहाचं आमंत्रण होतं, हे बहुतेकरावांना आठवलं ते जावयाचा तेलकट अंगठा डोंगरावरून फिरला तेव्हा. बत्तीस वर्षांपूर्वीचं पत्र. बाकीचा मजकूर त्यांना पूर्णविरामांसकट पाठ होता, पण ही शेवटची ओळ विसरायला त्यांनी बरीच मेहनत घेतली होती: 'इकडे कधी येणं झालं तर शाळेत जरूर या, चहा पिऊन जा.' त्या पत्राला त्यांनी उत्तर दिलं नव्हतं.

"हे बघा बाबा," जावई म्हणाला. रविवारची सकाळ होती, नाश्ता चालला होता आणि साखरेच्या डब्याला टेकवून त्याने फोन उभा केला होता. "हा भाग कुणाला माहीतच नाही. हॉटेलं नाहीत, गर्दी नाही. अजून बिघडलेला नाही. बिघडायच्या आत बघून यायचं."

"म्हणजे पहिला मान आपला," बहुतेकरावांची बायको स्वयंपाकघरातून म्हणाली.

"आई, तुम्ही पण ना! आम्ही तिघंच तर जातोय." जावई हसला. "वरच्या वस्तीत एका म्हातारीच्या घरी राहायचं. चुलीवरचा स्वयंपाक, वीज असली तर असली. एकदम अस्सल. म्हातारी फोटोसुद्धा काढू देते, लिहिलंय इथे."

त्याने अंगठा चाटला आणि त्याच अंगठ्याने डोंगर मोठा केला. काचेवर ओला, चिकट ठसा उमटला. बहुतेकरावांनी हातातला घास ताटात ठेवला. माणसाने खाऊन हात धुवावेत आणि मग डोंगर बघावेत, असं त्यांना सांगावंसं वाटलं. पण जावयाला काही सांगायचं म्हणजे त्यांना आधी दोन दिवस मनात घोकावं लागे.

"खालच्या वस्तीपर्यंत गाडी जाते. तिथून रस्त्याने वर चालत जायला पाच तास. पण ही बघा गंमत. खिंडीतून पायवाट आहे. एक तास वीस मिनिटं!"

ठशाखाली एक बारीक तुटक रेषा होती. मधे एका जागी ती उजवीकडे वळत होती, स्वल्पविरामासारखी, आणि मग पुन्हा सरळ होत होती. बहुतेकरावांनी चष्मा पुसला. रेषा तीच. वळण तेच. आपला चेहरा भलत्याच माणसाच्या धडावर दिसावा तशी त्यांना शिसारी आली.

बहुतेकराव हे नाव कचेरीतलं. नकाशांच्या कचेरीत छत्तीस वर्षं त्यांनी डोंगर, ओढे आणि वाटा शाईने काढल्या, त्यातल्या एकाही ठिकाणी न जाता. मोजणीदार रानोमाळ हिंडून मोजमापं आणायचे आणि हे खिडकीजवळच्या टेबलाशी मान मोडून ती कागदावर उतरवायचे. हात दगडासारखा स्थिर. स्वभाव मात्र असा, की कुणी वेळ विचारली तर घड्याळात बघून 'बहुतेक सव्वाचार' म्हणायचे.

या डोंगराचं काम आलं तेव्हा मोजणीदाराची वही पावसात भिजलेली होती. खिंडीची दोन पानं एकमेकांना चिकटून त्यांचा लगदा झाला होता. नकाशात बोटभर जागा कोरी राहिली. बहुतेकराव साहेबांकडे गेले. साहेब पेन्सिलीच्या बोथट टोकाने कान कोरत होते. तेच टोक त्यांनी कोऱ्या जागेवर टेकवलं.

"हे काय?"

"माहिती नाही, साहेब. बहुतेक पुन्हा मोजावं लागेल."

"शुक्रवारी छपाईला जायचंय हो! दोन वस्त्या आहेत ना? मग मधे वाट असणारच. माणसं काय उडत जातात? जोडून टाका."

कागदावर पिवळट ठिपका राहिला होता. तो रबराने घालवताना बहुतेकरावांना ओकारी येईल असं वाटलं. पण ठिपका गेला आणि त्यांनी जोडून टाकलं. सरळ मात्र जोडलं नाही. खोटी वाट सरळ काढली तर खोटी दिसते, हे त्यांच्या हाताला ठाऊक होतं. म्हणून मधे एखादा मोठा खडक असावा अशा बेताने त्यांनी तिला एक वळण दिलं. अकरा तुकड्यांची रेषा. 'बहुतेक' न म्हणता त्यांनी आयुष्यात केलेली ही पहिली गोष्ट.

"वा!" साहेब म्हणाले होते. "वळण काय सुरेख आलंय. चालून आल्यासारखं."

निवृत्तीच्या दिवशी कचेरीने त्यांचं उत्तम काम म्हणून तोच नकाशा चौकटीत घालून दिला. पंधरा वर्षं तो जेवणाच्या टेबलासमोर टांगलेला होता आणि पंधरा वर्षं बहुतेकराव त्याच्याकडे पाठ करून जेवत होते. उजेड डोळ्यांवर येतो, असं कारण त्यांनी घरात दिलं होतं.

पत्र आलं ते नकाशा छापल्यानंतर दोन वर्षांनी. वरच्या वस्तीतल्या शाळेच्या बाईंचं. अक्षर फळ्यावरच्यासारखं गोल. 'आपल्या नकाशात आमच्या वस्तीतून खिंडीमार्गे खाली जाणारी वाट दाखवली आहे. तिथे कडा आहे, शेळीसुद्धा जात नाही. लसी टोचायला आलेली नर्स नकाशा घेऊन एकटीच निघाली, ती दुसऱ्या दिवशी दुपारी सापडली. खुब्याचं हाड मोडलं आहे. इथे कुणी रागावलेलं नाही. ती रेषा पुसावी, एवढीच विनंती. आणखी एक विचारायचं होतं. छापलेलं पाहून इथले म्हातारे आता म्हणू लागले आहेत की पूर्वी तिथे वाट असेल. तरी ही वाट कुणी पाहिली होती का, तेवढं कळवावं.'

बाईंनी शिव्या दिल्या असत्या तर बहुतेकरावांनी मान खाली घालून सोसल्या असत्या. पण त्या विचारत होत्या. स्वतःच्या डोळ्यांपेक्षा त्यांच्या अकरा रेघांवर विश्वास ठेवायला तयार होऊन विचारत होत्या. बहुतेकरावांनी सात मसुदे लिहिले. सगळे 'आपले पत्र पोहोचले' इथवर छान जायचे.

"पत्राला उत्तर दिलं की आणखी एक पत्र येतं," साहेब म्हणाले. "फायलीला लावा."

त्यांनी ते फायलीलाही लावलं नाही. घरी आणून कंपासपेटीच्या मखमलीखाली सरकवलं.

"ऐका, लोक काय म्हणतात," जावई आता फोनवरून वाचत होता. "'वळणापर्यंत पोचलो, पुढे वाट दिसली नाही, आमचीच चूक झाली असावी.' हा दुसरा: 'वाट गवताने झाकली गेली आहे, नकाशावर विश्वास ठेवा.' आणि हा बघा, पाच तारे! 'वळणावरून सूर्यास्त अप्रतिम. मुलांनाही सहज जमते.'"

तो गृहस्थ कोण, कुठला, देव जाणे. पण त्याने पाहिलेला सूर्यास्त आणि बहुतेकरावांनी काढलेलं वळण एकाच दौतीतलं होतं. इतकी वर्षं त्यांना वाटत आलं होतं की आपण एकटेच असे. आता दिसलं की आपल्या मागे रांग लागली आहे आणि ती रांग तारे देते.

बाहेरच्या खोलीत नात नवे बूट घालून धपाधप चालून बघत होती. नऊ वर्षांची. बूट अजून पायाला बसले नव्हते.

"ती वाट नाही," बहुतेकराव म्हणाले.

कुणी ऐकलं नाही. त्यांचं पहिलं वाक्य सहसा कुणी ऐकत नसे.

"ती वाट नाहीये. तिथे कडा आहे."

"बाबा, आता उपग्रहावरून काढतात हे सगळं," जावई समजुतीच्या सुरात म्हणाला.

"उपग्रह काय काढतोय! मी काढली. तो बघा." त्यांनी मागे न वळता अंगठ्याने भिंत दाखवली. "तीच रेषा. तुमच्या फोनवाल्यांनी जुन्या नकाशावरून तशीच्या तशी उचलली."

जावई उठला, फोन चौकटीशेजारी धरून त्याने पाहिलं आणि खूश झाला. "अरे वा! हुबेहूब! म्हणजे वाट घरचीच निघाली की!"

टेबलाशी बसलेली मुलगी मात्र हसली नाही. तिने वडिलांच्या ताटातल्या अर्ध्या घासाकडे बघितलं. "बाबा, एक सांगा. वाट नक्की नाहीये, की बहुतेक नाहीये?"

एवढी वर्षं गेली. न जाणो, रेषा बघून बघून लोकांनी खरंच वाट पाडली असली तर? आपल्याला काय माहीत? आपण कधी कुठे गेलो? तो शब्द नेहमीसारखा जिभेवर येऊन बसला. बाहेर बूट धपधपले.

"नक्की," बहुतेकराव म्हणाले आणि उठून आतल्या खोलीत गेले.

कंपासपेटीतून काढून आणलेलं पत्र मुलीने वाचलं. मग पुन्हा वाचलं. मग तिने ते दोन बोटांनी कडेला धरलं, फ्रिजच्या मागे सापडलेली वस्तू धरतात तसं.

"ती नर्स?"

"माहीत नाही."

"विचारलं नाहीत?"

"नाही."

"आणि ह्या बाईंना काय कळवलंत?"

बहुतेकरावांनी टेबलावरचा पाण्याचा ओघळ बोटाने पुसला.

"मी हा नकाशा शाळेत नेला होता," मुलगी म्हणाली. "आमच्या सरांनी वर्गासमोर धरला होता. माझ्या बाबांनी काढला म्हणून मी दिवसभर..." पुढचं तिने गिळलं. चेहऱ्यावर राग असता तर बरं झालं असतं. होती ती किळस, आणि ती लपवायचा प्रयत्न. तो प्रयत्न बघणं सगळ्यात वाईट होतं.

बायको हात पुसत दारात येऊन उभी राहिली होती. "मला तरी सांगायचं होतं."

"तुला सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, उत्तर लिहा."

"मग?"

"म्हणूनच."

जावई घसा खाकरून म्हणाला, "ठीक आहे, इतकं मनाला लावून घेऊ नका. पाच तासांचा रस्ता आपल्याला जमणार नाही, सुट्टी तीनच दिवसांची आहे. दुसरा डोंगर बघू. बरेच आहेत." मोजे बदलावेत तसा त्याने डोंगर बदलला. मग काहीतरी चांगलं करावं म्हणून थांबला. "ह्या वाटेबद्दल मी कळवून ठेवतो. पर्याय देतात ना. 'अवघड', 'धोकादायक', 'तात्पुरती बंद'."

"नाहीच, असं लिहा," बहुतेकराव म्हणाले.

"तसा पर्याय नाहीये यात, बाबा."

"ती कधीच नव्हती."

"हो, पण तसं बटण नाहीये ना." त्याने 'तात्पुरती बंद' दाबलं. रेषा करडी झाली. वळण तसंच राहिलं, करड्या रंगात जरा जास्तच सुरेख.

दुपारी मुलगी निघाली तेव्हा आईला "येते" म्हणाली. बापाला काही न म्हणता तिने नातीच्या बुटांच्या नाड्या बांधल्या, खूप वेळ लावून, घट्ट.

दुसऱ्या दिवशी सकाळी बहुतेकरावांनी भिंतीवरची चौकट उतरवली. मागचा पुठ्ठा काढला. आत एक मेलेलं झुरळ होतं, कागदासारखं वाळलेलं. पंधरा वर्षं ते नकाशाला पाठ लावून बसलं होतं. त्यांनी ते केराच्या सुपलीत टाकलं, नकाशा खिडकीपाशी घेतला आणि नवं ब्लेड काढलं. कचेरीत चुकलेली शाई ते अशीच खरवडत, अलगद, कागदाचा वरचा पापुद्रा तेवढा उचलून. हात अजून स्थिर होता. त्यांना त्या हाताचा वीट आला, तरी काम त्यालाच करायचं होतं. अकरा तुकडे त्यांनी एकेक करून काढले. वळणापाशी कागद विरला आणि बारीकसं भोक पडलं. ते त्यांनी तसंच ठेवलं.

मग पत्र लिहिलं. 'आपले पत्र पोहोचले' हे वाक्य त्यांनी घातलं नाही.

'आपण विचारलं होतं की ही वाट कुणी पाहिली होती का. कुणी पाहिली नव्हती. मोजणीची पानं खराब झाली होती आणि कोऱ्या जागेत मी ती मनाने काढली. ती खरी वाटावी म्हणून तिला वळण मीच दिलं. आपल्या म्हाताऱ्यांचं काही चुकलेलं नाही, त्यांना तसं सांगावं. नर्सबाईंचा दोष नव्हता. रेषा मी माझ्या प्रतीवरून काढली आहे, नकाशा सोबत आहे. बाकी प्रतींसाठी कचेरीला हेच लिहून आजच पाठवत आहे. आपण चहाला बोलावलं होतं. त्याबद्दल आभारी आहे. तो चहा मला घेता येणार नाही.'

खाली त्यांनी पूर्ण नाव लिहिलं आणि कंसात, नकाशा काढणारा.

पोस्टातल्या बाईने दोन्ही पाकिटं वजनकाट्यावर ठेवली, तिकिटं लावली, आणि मोठ्या पाकिटावरचं गावाचं नाव संगणकात शोधलं. "आजोबा, शाळेला पाठवताय? तिथली शाळा चालू आहे का? आणि ह्या बाई... नाव काही लिहिलं नाहीये तुम्ही."

"नाव पत्रात नव्हतं. 'शाळेच्या बाई' अशीच सही होती."

"पत्र कधीचं?"

बहुतेकरावांनी वर्ष सांगितलं. बाईने मान वर करून त्यांच्याकडे बघितलं, मग सोबत आलेल्या त्यांच्या बायकोकडे, आणि पाकिटं परत दिली. "बाहेरच्या पेटीत टाका. जाईल. पोचायचं मात्र मी सांगू शकत नाही."

कचेरीचं पाकीट लगेच पडलं. दुसरं जाड होतं, नकाशाच्या घडीमुळे पेटीच्या तोंडाशी अडकलं. त्यांनी ते ढकललं नाही. नुसतं धरून उभे राहिले. मागे एक माणूस आपलं पत्र घेऊन ताटकळला आणि शेवटी वाकून, त्यांच्या कोपराखालून, आपलं टाकून गेला.

"आता काय?" बायको म्हणाली.

"बहुतेक मावत नाहीये."

तिने त्यांच्या हातातली रिकामी पिशवी तेवढी आपल्याकडे घेतली, म्हणजे त्यांचे दोन्ही हात मोकळे झाले.

बहुतेकरावांनी पाकीट बाहेर काढलं, घडी नखाने दाबून चपटी केली आणि पुन्हा आत घातलं. ते पडल्याचा आवाज आला. त्यांनी दोन बोटं पेटीच्या तोंडात घालून चाचपून बघितलं. काही लागलं नाही.