लाल ताऱ्याला सात मिनिटं

खरं सांगायचं तर उत्तराच्या चौकटीतला तो शब्द तो लिहिणारच नव्हता. पेनाचं टोपण दोनदा काढलं, दोनदा लावलं. समोर टाईप केलेली तीन पानं होती, त्यांच्यावर नाव नाही, सही नाही. नुसत्या तारखा, वेळा आणि एका लाल ताऱ्याच्या तेजाचे आकडे. खाली एकच प्रश्न: ही निरीक्षणं कुठल्या पातळीच्या माणसाची? कारणासह लिहा.

आकाशनिरीक्षक मंडळात पातळ्या तीन. पांढरं कार्ड नवशिक्याचं, पिवळं जाणकाराचं, निळं तज्ज्ञाचं. पांढऱ्याने मोठ्या दुर्बिणीला हात लावायचा नाही, पिवळ्याने विचारून लावायचा, आणि निळ्याच्या खिशात गच्चीची किल्ली. निळी कार्डं नऊच. लिफ्टा दुरुस्त करणारा हा तरुण चार वर्षं पिवळ्यावर अडकून होता. आज त्याची निळ्याची परीक्षा. कॉलेजचं तोंड त्याने बघितलं नव्हतं. जे येत होतं ते थोडं मोबाईलवर आणि बाकी सगळं चष्म्यांचं दुकान असलेल्या काकांच्या शेजारी बसून शिकलेलं.

"काय लिफ्टवाले, दोन मजल्यांच्या मधे अडकलात का?" मागच्या खुर्चीवरून कुणीतरी म्हणालं. "दार उचकटून देऊ?"

हॉल हसला. दुपार तापली होती, पंखा नुसताच आवाज करत होता, आणि तीसेक लोकांना करमणूक हवीच होती. अध्यक्षबाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्या दातांच्या डॉक्टर. दात काढताना आणि माणूस काढताना त्यांचा हात सारखाच हलका चालायचा.

"पाच मिनिटं," त्या म्हणाल्या. "येत नसेल तर कोरं द्या. जन्मभर पिवळे राहिलेले लोक आहेत आपल्याकडे. मेले नाहीत."

न यायला काय झालं होतं? पहिल्या पानावर एका नोंदीला मिनिटभर लागत होतं. दुसऱ्यावर तीन. तिसऱ्यावर सात. आणि जसा वेळ वाढला तसा तारा फुगत गेला होता. मंडळातल्या बाकी सगळ्यांना दिसला त्याहून कितीतरी उजळ. लाल ताऱ्याकडे टक लावून बघितलं की तो डोळ्यात साठत जातो, आहे त्याहून तेजस्वी वाटतो. म्हणून नुसतं डोकवायचं, शेजारच्या ताऱ्याशी ताडून बघायचं आणि नजर काढून घ्यायची. पहिल्या दिवशी शिकवतात ते हे.

तिसऱ्या पानावर एक ओळ होती. 'नऊ चाळीस ते दहा वीस, नोंद नाही.'

त्या रात्री तो काकांबरोबर गच्चीवर असताना एका इमारतीतून फोन आला होता, लिफ्टमध्ये माणसं अडकली म्हणून. तो धावत गेला, चाळीस मिनिटांनी परत आला, तर काका दुर्बिणीला झाकण लावून बसलेले. "एकट्याने काय बघायचं?" म्हणाले होते.

त्याने मान वर केली. दुसऱ्या रांगेत काका बसले होते. छातीवर निळं कार्ड, हात मांडीवर, चेहऱ्यावर आपल्याच घरचं लग्न असल्यासारखा आनंद.

त्याने लिहिलं: नवशिक्या.

रिवाजाप्रमाणे बाईंनी उत्तर मोठ्याने वाचलं. "'नवशिक्या. टक लावून बघतो. पहिला धडाही गिरवलेला नाही.'" त्या थांबल्या. हातातल्या कागदावर छापील उत्तर वेगळं होतं. त्यांनी कपाट उघडलं, मंडळाची वही काढली, बोट आकड्यांवरून खाली नेलं.

"माझ्या कागदावर 'तज्ज्ञ' लिहिलंय," त्या म्हणाल्या. "कागद चुकलाय. हे बरोबर आहेत."

मग त्यांनी, काही गरज नसताना, विचारलं, "कुणाची पानं आहेत, सांगू?"

"सांगा की!" मागचे म्हणाले.

"काका, ते कार्ड द्या जरा इकडे."

काकांना टाचणी सापडेना. शर्टावर बोटं फिरत राहिली. शेजारच्याने काढून दिली. बाईंनी कार्डावरच्या नावावर कोरी चिठ्ठी चिकटवली, तिच्यावर नवीन नाव लिहिलं आणि तेच कार्ड पुढे केलं. टाळ्या वाजल्या. सगळ्यात आधी काकांच्या.

जिन्यात दोघंच होते. काका कठड्याला धरून एकेक पायरी उतरत होते. लिफ्टवाला दोन पायऱ्या पुढे.

"ओळखलंस ना?"

"हो."

"कधी?"

"नऊ चाळीसला."

काका हसले. "मीच दिली पानं. बाई म्हणाल्या, एखाद्या तज्ज्ञाची द्या. म्हटलं, माझीच देतो, लेकाला सोपं जाईल. ओळखशील, 'तज्ज्ञ' लिहिशील, किल्ली घेशील."

"चुकीचं होतं म्हणून लिहिलं, काका."

"चुकीचं होतंच रे. मी ते विचारत नाहीये. दोन वर्षं शेजारी बसत होतास. तेव्हा नाही दिसलं?"

खालच्या मजल्यावर कुणीतरी दार लावलं.

"दिसलं होतं."

"मग?"

"सांगितलं असतं तर तुम्ही गच्चीवर यायचं बंद केलं असतं. मला कुणी शिकवलं असतं?"

काका थांबले. चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, पुन्हा घातला. जिथे कार्ड होतं तिथे दोन बारीक भोकं पडली होती.

"दिसेपर्यंत बघत होतो," ते म्हणाले. "टक लावून नाही. दिसेपर्यंत."

तो दोन पायऱ्या परत वर चढून आला.

"दुकानात अक्षरांचा तक्ता आहे ना, भिंतीवरचा? तीस वर्षं लोकांना वाचायला लावतोय. शेवटची ओळसुद्धा पाठ आहे मला. स्वतःचे डोळे तपासले की दर वेळी पहिला नंबर." त्यांनी घसा साफ केला. "नवीन तक्ता आणून ठेवलाय. गुंडाळी सोडली नाही अजून. उद्या सकाळी येशील? शटर उघडायच्या आधी. गिऱ्हाइकांनी बघायला नको."

"येतो."

"तू लावायचा. तू बोट ठेवायचं. चुकलो की चुकलो म्हणायचं. 'नीट बघा काका, पुन्हा बघा काका' असलं काही नाही."

"नाही म्हणणार."

"दया नको."

"नाही करणार," तो म्हणाला. "शप्पथ."