दादांचा वंश, भावजयीचं रक्त

काही माणसांना अर्धा शब्द ऐकू आला की पुरतो. उरलेला अर्धा ते पदरचा घालतात. या घरातले थोरले दादा त्यातलेच.

वीज कंपनीत मीटर तपासता तपासता निवृत्त झालेले हे गृहस्थ. पाहुणा दारात चप्पल काढतोय तोच ते त्याला घराण्याचे सात पुरुष ऐकवायला सुरुवात करत. या सातांत बाई एकही नाही. सातही जण बहुधा एकमेकांच्या पोटी जन्माला आले असावेत.

धाकटा भाऊ चष्म्याचं दुकान चालवी, म्हणजे फ्रेमा पुसत बसे. डोळे तपासायचं काम त्याची बायको करी. तिला रक्ताचा कॅन्सर झाला. औषधांनी तो दोनदा हटला आणि दोनदा परत आला. तेव्हा डॉक्टरीणबाईंनी नवराबायकोला बोलावून घेतलं. दादाही होते, कारण दादा नाहीत अशी जागा नाही.

"आता एक वेगळा उपचार आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "यांच्या रक्तातल्या काही पेशी काढून घ्यायच्या, त्यांच्यात आनुवंशिक बदल करायचा आणि..."

दादांच्या कानात 'वंश' तेवढा शिरला. ते ताडकन उठले. "चला घरी," म्हणाले, आणि धाकटा निघालासुद्धा. मागे राहून बायकोने ऐकून घेतलं ते एवढंच, की पेशी लवकर काढायला हव्यात. आणखी औषधं दिली तर त्या कामाच्या राहणार नाहीत, आणि मग हाही रस्ता बंद.

संध्याकाळी बैठकीच्या खोलीत दरबार भरला.

"आमच्या घराण्याचा वंश बदलणार म्हणे," दादा म्हणाले. "आज हिचा बदलतील, उद्या हिच्या पोरीचा."

"मग ती आपली राहील का रे?" दादांच्या म्हाताऱ्या आत्याने विचारलं. आत्याला कुणाच्याही आजारापेक्षा त्यावरची चर्चा जास्त आवडे.

जिच्या रक्ताबद्दल हे चाललं होतं ती शेजारच्या खोलीत पडून होती. दार उघडं होतं. तिला विचारावं असं कुणालाही सुचलं नाही. नवरा मान खाली घालून शर्टाच्या टोकाने चष्मा पुसत होता. बायको गेली तरी चालेल, पण दादा रागवायला नकोत, असं तो तोंडाने म्हणाला नाही एवढंच. शेवटी त्याने दवाखान्यात फोन केला आणि "जरा थांबू या" असं सांगितलं. जणू आजार त्याच्या पगारावर होता, थांब म्हटलं की थांबायला!

सकाळी ती डोक्याला रुमाल बांधून बाहेर आली आणि दादांच्या समोर बसली.

"भाऊजी, माझं माहेर कुठलं?"

"हे काय मधेच?"

"सांगा ना."

"तुझ्या वडिलांचं घर, आणखी कुठलं?"

"म्हणजे रक्त तिकडचं. मग तुमचा वंश माझ्यात आला कुठून? चहातून आला म्हणावं, तर चहाही मीच करत होते."

आत्याला ठसका लागला.

"तसं नाही," दादा चाचरले. "निसर्गाच्या विरुद्ध जाणं बरं नव्हे."

"तुमच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदूनंतर बसवलेली भिंगं आहेत. तुमची कवळी आत्ता मोरीतल्या वाटीत आहे. निसर्गाने अजून काही तक्रार केलेली नाही." मग ती नवऱ्याकडे वळली. "सही माझी लागते, तुमची नाही. मी दवाखान्यात निघाले. यायचं तर या."

धाकट्याने चष्मा डोळ्यांवर चढवला आणि आयुष्यात पहिल्यांदा दादांना न विचारता उठला. "मी चाललो तिच्याबरोबर," तो म्हणाला. दादांनी मोरीतून कवळी आणली आणि तेही निघाले.

डॉक्टरीणबाईंनी शांतपणे सांगितलं. "आपल्या रक्तात राखणदार पेशी असतात. यांच्या राखणदारांना कॅन्सरचा चोर ओळखता येत नाही. आम्ही यांच्याच त्या पेशींत एक जनुक घालतो, म्हणजे त्यांना तो ओळखू येतो. मग त्या यांनाच परत देतो. हा बदल तेवढ्या पेशींपुरता. तो मुलीत उतरत नाही."

"मग 'आनुवंशिक' म्हणजे वंश नाही?" दादा म्हणाले.

"मी 'जनुक' म्हणायला हवं होतं. चूक माझी. पण खात्री मी देत नाही. जोराचा ताप येईल, जिवावरही बेतू शकतं."

"हे त्या दिवशीच का नाही सांगितलंत?" दादांनी दटावून विचारलं.

"तुम्ही उठून गेलात."

तिने सही केली.

बदललेल्या पेशी परत दिल्यावर ताप आला, आणि असा आला की ती नवऱ्याला ओळखेना. तो तिच्या उशाशी बसून रडला. आधी रडला असता तर बरं झालं असतं. पण ती त्यातून निघाली. पुढच्या तपासण्यांत आजार सापडला नाही. डॉक्टरीणबाई अजून "बरी झाली" म्हणत नाहीत, "सध्या नाही" म्हणतात. ती पुन्हा दुकानात बसून लोकांचे डोळे तपासते.

परवा एक पाहुणे आले. दादांनी सात पुरुष म्हणून दाखवले आणि दम घेतला. दारातून ती म्हणाली, "भाऊजी, आठवी मी. माझ्यात तुमचा वंश आहे, असं तुम्हीच म्हणाला होतात."

पाहुणे हसले. दादा हसले नाहीत. त्यांनी आत्याला विचारलं, "माझ्या पणजीचं नाव काय होतं गं?"

"ती माझी आजी," आत्या म्हणाली. थोडं आठवून पाहिलं. "आम्ही आजीच म्हणायचो."

त्या दिवसापासून दादांनी सात पुरुष सांगणं बंद केलं आहे.

वाचकहो, न कळलेला शब्द विचारण्यात लाज नाही. न विचारता त्या शब्दावर दुसऱ्याचा जीव टांगून ठेवण्यात आहे. आणि जिचा जीव, तिला आधी विचारा. ती फार लांब नसते. शेजारच्याच खोलीत असते, आणि दार उघडं असतं.