उक्तं काम

कुंडलच्या मानसिंगचं लग्न होऊन आठ वर्षं झाली होती, आणि त्या आठ वर्षांत तो बायकोबरोबर एका खोलीत धड महिनाभरसुद्धा झोपला नव्हता. तो फौजेत नाईक होता. वर्षातून एकदा दोन महिन्यांची रजा मिळायची. रजेवर आला की त्याची वळकटी मारुतीच्या देवळात पडायची, कारण घर म्हणजे एक सोपा आणि एक चुलीची खोली. सोप्यात आई अंबूबाई आणि दोन पोरं. चुलीच्या खोलीत ज्वारीची कणगी, भांडी, सरपण आणि उरलेल्या जागेत शालूबाई.

"आवं, तुमी सरहद्दीवर असला काय आन् देवळात असला काय, मला सारकंच," शालूबाई एकदा म्हणाली होती. हसत म्हणाली, पण मानसिंगला ते लागलं. घराच्या उगवतीला एक खोली वाढवायची, असं त्यानं तेव्हाच ठरवलं. चार वर्षं तो दर महिन्याला पगारातून थोडे थोडे पैसे बाजूला ठेवत गेला. विडी सोडली, रमच्या बाटल्या दुसऱ्यांना विकल्या. १९७३च्या फेब्रुवारीत तो किर्लोस्करवाडीला गाडीतून उतरला तेव्हा त्याच्या ट्रंकेत तेवीसशे रुपये होते.

ते दुष्काळाचं वर्ष होतं. विहिरी तळाला गेल्या होत्या. निम्मं गाव सरकारी कामावर खडी फोडायला जात होतं आणि रेशनची लाल मिलो ज्वारी खात होतं.

अंबूबाई म्हणाली, "औंदा नगं रं बाबा. प्यायला पानी न्हाई, भिताडाला कुठनं घालशील?"

"रजा काय दुष्काळ बगून मिळती व्हय?" मानसिंग म्हणाला.

ते खरंच होतं. पण त्याच्या मनात आणखी एक गोष्ट होती, ती तो बोलला नाही. दुष्काळात मजुरी स्वस्त असते.

फौजेत तो स्टोअरला होता, त्यामुळे कुठल्याही कामाची यादी केल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. पोराच्या शाळेच्या वहीत त्यानं खोलीचा अंदाज मांडला. बारा बाय पंधराची खोली, दोन खिडक्या, वर कौलं. मग एकेका जिनसेचा भाव काढत तो आठ दिवस हिंडला. कृष्णाकाठच्या भट्टीवर पाच हजार विटांचे पावणेचारशे. सांगलीच्या वखारीत लाकडाचे साडेचारशे. कौलं दोनशेची, दारं-खिडक्या दोनशेच्या. सिमेंट परवान्यावर, तासगावला चार हेलपाटे घालून, बारा पोत्यांचे दीडशे. चौथऱ्याचा दगड, वाळू, चुना धरून सगळे मिळून सतराशे झाले. भट्टीवाल्यानं एक रुपया कमी केला नाही. वखारवाल्यानं तर मान वर करून बघितलंसुद्धा नाही. "घ्यायचं तर घ्या, फौजी," एवढंच म्हणाला.

राहिले सहाशे. आणि राहिली मजुरी.

कोंडीबा गवंडी हा मानसिंगचा चौथीपर्यंतचा सोबती. दोघं एका बाकावर बसले, एका ओढ्यात पोहले. पुढं मानसिंग फौजेत गेला आणि कोंडीबानं बापाच्या हाताखाली थापी धरली. आजूबाजूच्या चार गावांत त्याच्या हाताला नाव होतं. तो आला, त्यानं जागा पावलांनी मापली, भिंतीवर हात फिरवला आणि विचार करून म्हणाला, "एरवी म्या नऊशे घेतलं असतं. औंदाचं साल बगून आठशे दे. सुतार, गडी सगळी माझी."

"सहाशे," मानसिंग म्हणाला.

कोंडीबा हसला. त्याला वाटलं, मित्र गंमत करतोय.

"सहाशेच हायत गड्या. ही बग वही." मानसिंगनं वही पुढं केली. कोंडीबानं ती घेतली, पण वाचली नाही. आकडे त्यालाही येत होते. बघायचं होतं ते त्यानं मानसिंगच्या तोंडाकडं बघून ओळखलं.

"सातशे कर मान्या. चार गडी लागत्यात. त्येंची बी पोटं हायत."

"तुला जमत नसंल तर विट्याचा एक गवंडी तयार हाय." हे खोटं होतं. विट्याच्या कुठल्याच गवंड्याशी तो बोलला नव्हता.

कोंडीबा खाली उकिडवा बसला. त्या महिन्यात त्याच्याकडं एकही काम नव्हतं. दुष्काळात घर बांधतो कोण? बायको रंगूबाई खडी फोडायला जात होती. शेवटी तो उठला आणि धोतर झटकत म्हणाला, "उक्तं सहाशे. ठरलं."

उक्तं म्हणजे एकूण कामाचा एकच ठरलेला आकडा. मग दिवस किती लागले, गडी किती लागले, याचा हिशेब कुणी कुणाला विचारायचा नाही.

मानसिंग त्या दिवशी खूश होता. तेवीसशेत खोली बसली होती, एक पैसा इकडंतिकडं न होता.

काम सुरू झालं. पाया खोदून चौथरा उभा राहीपर्यंत शेजारच्या मळ्यातल्या विहिरीचं पाणी मिळालं. पंधराव्या दिवशी त्या विहिरीनं दम सोडला. आता बांधकामाचं पाणी नदीवरून बैलगाडीनं आणायचं, आणि एका खेपेला गाडीवाला सात रुपये मागत होता.

कोंडीबा संध्याकाळी आला. "मान्या, पान्याचं काय करायचं?"

"काय करायचं म्हंजी?"

"पानी काय आपल्या बोलन्यात नव्हतं. तवा हीर होती."

मानसिंगच्या ट्रंकेत त्या दिवशी खोलीचे पैसे आणि परतीचं तिकीट सोडून वरखर्चाचे साठ-सत्तर रुपये होते. वाटलं असतं तर तो गावात कुणाकडूनही दोनशे रुपये उचलू शकला असता. फौजीला कोण नाही म्हणतं? पण वहीतला आकडा त्याच्या डोक्यात असा काही बसला होता की तो मोडणं म्हणजे हार वाटत होती. "उक्तं म्हंजी सगळं आलं त्यात," तो म्हणाला.

कोंडीबानं एकदा त्याच्याकडं बघितलं. "बरं," म्हणाला आणि गेला.

त्या संध्याकाळी जेवायला वाढताना शालूबाई म्हणाली, "मला ती खोली नगं. असली नगं."

"असली म्हंजी कसली?"

"त्यो तुमचा भाऊ असल्यागत हाय. त्याच्या पोटावर पाय देऊन मी तितं कशी निजू?"

"ठरलेलं हाय ते. त्यानं सोताच्या तोंडानं हां म्हटलंय."

दुसऱ्या दिवसापासून कामावर चार गड्यांऐवजी तीन गडी आणि रंगूबाई दिसू लागली. डोक्यावर विटा घेऊन ती शिडी चढायची. मानसिंग ते बघायचा आणि नजर दुसरीकडं न्यायचा.

एक मात्र खरं. कोंडीबानं कामात कुठं कसूर केली नाही. मानसिंगला तशी धास्ती होती. पैसे कमी दिलेत, तर हा कुठंतरी हात मारणार, चुना कमी घालणार, भिंतीला पाणी कमी पाजणार. म्हणून तो रोज संध्याकाळी गडी गेल्यावर फूटपट्टी आणि दोरी घेऊन भिंती तपासायचा. कोपरे गुण्यात, अगदी काटकोनात होते. थर एका रेषेत होते. नदीवरून आणलेलं ते महागाचं पाणी कोंडीबा सकाळ-संध्याकाळ स्वतःच्या हातानं भिंतीवर मारायचा.

चाळिसाव्या दिवशी शेवटचं कौल बसलं. कोंडीबा खाली उतरला, हातपाय धुतले आणि मानसिंगला आत घेऊन गेला. खिडकीतून ऊन येऊन नव्या जमिनीवर पडलं होतं.

"कसं झालंय?" त्यानं विचारलं.

मानसिंगला खोली फार आवडली होती. इतकी सरळ भिंत त्यानं छावणीतसुद्धा बघितली नव्हती. पण त्याला वाटलं, आता चांगलं म्हटलं की हा पाण्याचं पुन्हा काढणार.

"बरं हाय," तो म्हणाला.

कोंडीबानं मान हलवली, राहिलेले पैसे घेतले आणि थापी, ओळंबा पिशवीत घालून तो निघून गेला. मानसिंगची रजा पाच दिवसांत संपली. ते पाच दिवस नवरा-बायको नव्या खोलीत झोपले. शालूबाई भिंतीकडं तोंड करून झोपायची.

पुढच्या वर्षी मार्चमध्ये तो परत आला. त्याला खोलीत एक फडताळ करून घ्यायचं होतं, म्हणून तो कोंडीबाकडं गेला. दाराला कुलूप होतं. दारापुढच्या खुंट्याला दावंसुद्धा नव्हतं.

घरी येऊन त्यानं शालूबाईला विचारलं.

"दिवाळी झाल्यावर गेलं ते. कुपवाडला. कारखान्यात कामाला लागलाय म्हनं."

"का? इतं काय झालं?"

शालूबाई भाकरी थापत होती. ती थांबली. "सुताराला दिलं, गड्यास्नी दिलं, पान्याच्या गाडीवाल्याला दिलं. त्याच्या हातात काय ऱ्हायलंच न्हाई. उलटं अंगावर आलं. शेळ्या इकल्या. रंगूबाईचं डोरलं इकलं. तुमास्नी ठावं हाय का, काम चालू हुतं तवा मी रोज सांच्याला तिच्या वट्यात शेरभर जोंधळं घालत हुते. तुमास्नी आन् आत्तीस्नी चोरून."

"मला का न्हाई सांगितलंस?"

"सांगितलं हुतं की. हीर आटली त्याच दिशी."

मानसिंग खोलीत जाऊन बसला. वहीत त्यानं भट्टीवाल्याचे पैसे पुरे लिहिले होते, वखारवाल्याचे पुरे लिहिले होते. ज्यांच्याशी त्याचं काही नातं नव्हतं त्यांना त्यानं मागतील तेवढे दिले. काटछाट झाली ती एकाच माणसाच्या नावावर, आणि तीही एवढ्यासाठी की तो माणूस आपल्याला नाही म्हणणार नाही, हे त्याला माहीत होतं. हे त्याला आज कळत होतं असं नाही. तेव्हाही कळत होतं.

दोन दिवसांनी तो तीनशे रुपये घेऊन कुपवाडला गेला. विचारत विचारत कारखान्यामागच्या पत्र्याच्या खोल्यांपर्यंत पोचला. कोंडीबा दारात सायकलची चेन बसवत होता. हात काळे झाले होते, अंगावर खाकी सदरा होता. मानसिंगला बघून तो उठला.

"ये की. कवा आलास रजेवर?" त्यानं आतून पाट आणला. रंगूबाईनं चहा ठेवला. ती "कसं हायसा भावजी?" म्हणाली, पण तिचा पदर मानेभोवती घट्ट होता.

थोडा वेळ पाऊसपाण्याचं बोलणं झालं. मग मानसिंगनं खिशातून पैसे काढून मध्ये ठेवले. "कोंडीबा, माझं चुकलं. हे तुझं हायत."

"किती हायत?"

"तीनशे."

कोंडीबानं हात चिंधीला पुसले. नोटा मोजल्या. त्यातले दोनशे दहा वेगळे काढून रंगूबाईकडं दिले आणि नव्वद मानसिंगच्या पुढं सरकवले.

"पान्याच्या तीस खेपा झाल्या. सात रुपयांनी. ते बोलन्यात नव्हतं, म्हनून घेतो. मजुरी ठरली हुती तेवडी मिळाली."

"अरं, ठेव की. आपल्यात काय..."

"नगं."

तो रागानं बोलला नव्हता. रागानं बोलला असता तर मानसिंगला बरं वाटलं असतं. मानसिंग म्हणाला, "गावाकडं ये. मला फडताळ करायचं हाय. तू म्हनशील ती मजुरी."

"आता गवंडीकाम सोडलं म्या. काम आवडायचं मला, मान्या. पर परत्येक येळंला दर ठरवाय लागायचा ना, ते न्हाई आवडायचं. हितं महिन्याला पगार होतो. कुनाच्या तोंडाकडं बगाय लागत न्हाई." मग भोंगा झाला तसा तो सायकल घेऊन उठला. "बस तू. जेवून जा. माझी पाळी हाय."

मानसिंग जेवायला थांबला नाही. रंगूबाई त्याला रस्त्यापर्यंत सोडायला आली. एस.टी. लांबून दिसू लागली तेव्हा ती म्हणाली, "भावजी, पैशाचं त्येंनी कवाच मनातनं काढलं हुतं. घरला येऊन सांगायचं, मान्याचं काम हाय, घाटा आला तर येऊ द्या, पर भित्ताड असं झालं पायजे की बगून त्यानं पाठीवर हात मारावा. तुमी म्हनला, बरं हाय. त्या दिशी ते जेवलं न्हाईत."

गाडी येऊन थांबली. "येतो वहिनी," म्हणून मानसिंग चढला. आत बसायला जागा होती, तरी तो सांगलीपर्यंत उभाच राहिला.

छावणीत गेल्यावर त्यानं कोंडीबाला पत्र टाकलं. तू बांधलेली भिंत मी रोज तपासत होतो आणि मला एक चूक सापडली नाही, असं त्यानं त्यात लिहिलं. उत्तर आलं नाही. अठ्ठ्याहत्तर साली पेन्शन घेऊन परत येताना तो आधी कुपवाडला उतरला. त्या पत्र्याच्या खोलीत दुसरंच बिऱ्हाड होतं. कोंडीबा इचलकरंजीला गेला असं एक जण म्हणाला, दुसरा म्हणाला हुबळीला.

अंबूबाई तोवर वारली होती. मानसिंगला साताऱ्याला एका कारखान्यात रखवालदाराची नोकरी लागली, पोरांच्या शाळेसाठी शालूबाईही तिकडंच गेली, आणि कुंडलची खोली बंद झाली. चुलतभाऊ दादासो तिथं कडबा ठेवायचा. एका पावसाळ्यानंतर त्याचं पत्र आलं: जुन्या सोप्याची भिंत ढासळली आहे, नव्या खोलीला मात्र चीरसुद्धा नाही, कौलं गळत नाहीत.

मानसिंगनं ते शालूबाईला वाचून दाखवलं.

"कोंडीबास्नी कळवायला पायजे हुतं," ती म्हणाली.

"पत्ता कुठाय?" मानसिंग म्हणाला. मग तो डगला चढवून पाळीवर गेला.