सपाट पीठ

उलकानच्या धाकट्या मुलाचं लग्न झालं, कान्यशाय सून म्हणून घरात आली, त्याच वर्षी तोकमोक गावच्या शिवणकारखान्यात बायका धडाधड पडायला लागल्या.

पहिली पडली इस्त्रीवरची सादात. मोठी मागणी आलेली, चौदा-चौदा तास काम, आणि थंडी आत येते म्हणून खिडक्या खिळे ठोकून बंद. सादात वाफेतच कोसळली. तिला चहा पाजून घरी पाठवलं. दुसऱ्या दिवशी चौघी पडल्या, आठवड्यात तीस. कुणाची बोटं वळायची, कुणाला श्वास पुरायचा नाही.

शहरातून डॉक्टरीणबाई आल्या. हवा, पाणी, रक्त, सगळं तपासलं. म्हणाल्या, "विषबाधा नाही. माणसं दमलीत, घाबरलीत. एकीचं बघून दुसरीचं शरीर तसं करतं. ढोंग नाही हे. खिडक्या उघडा, विश्रांती द्या."

मालक तोक्तोसुनला त्यातलं पहिलं वाक्य तेवढं ऐकू आलं, आणि एक शब्द.

"घाबरल्यात ना? म्हणजे काळीज पडलंय," तो उलकानला म्हणाला. "एजे, तुमच्या हाताला गुण आहे. चढवा की जागेवर."

उलकान तिथं कापड कापायची; सगळे तिला एजे, म्हणजे मोठी बहीण, म्हणायचे. पडलेलं काळीज चढवायची विद्या तिला आईकडून आली होती. वाटी पिठाने भरून फडक्यात बांधायची, ती छातीपाठीवरून फिरवायची, दुआ पुटपुटायची. फडकं सोडलं की पिठात खळगा दिसायचा. जेवढा खळगा, तेवढी भीती निघाली.

आणि गुण आला! बायका डोळे पुसून उठायच्या, मशीनवर बसायच्या.

"एजे, माझं पार टाचेत गेलंय," एखादी म्हणायची. "सावकाश चढवा, तेवढीच पाठ टेकते."

"काळीज टाचेत आणि जीभ मात्र जागच्या जागी! ऊठ."

तोक्तोसुनने तिला गादीची खुर्ची दिली. खिडक्यांचे खिळे तसेच राहिले. ते उलकानला दिसत होतं. पण तीस वर्षं उभ्याने कात्री चालवलेल्या बाईला आता आल्यागेल्याने सलाम करावा, हे गोडही लागत होतं.

मग एका सकाळी तिथंच खिसे शिवणारी कान्यशाय रांगेत आली. ओठ निळसर.

"आपा," ती सासूला म्हणाली, "छातीत दुखतंय. डावा हात जड झालाय."

उलकानने वाटी फिरवली. फडकं सोडलं. पीठ सपाट. पुन्हा फिरवली. सपाटच. रांगेतल्या बायका माना उंचावून बघत होत्या.

"भीती नाही तर आजार कसला?" उलकान सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलली. "सासूच्या जिवावर आराम हवाय होय? उद्या म्हणतील, सुनेला सूट देते."

"मी कुठं म्हणते भीती आहे? दुखतंय, आपा."

"मशीनवर बस."

ती बसली. सासूला दुसऱ्यांदा उलट बोलायची तिची रीत नव्हती. दुपारपर्यंत तिने साठ खिसे शिवले आणि मशीनवरच डोकं टेकलं. शेजारणीला वाटलं, हिचंही पडलं. ती उलकानला हाक मारून आपलं काम करत राहिली.

उलकानने येऊन हलवलं तर ती उठेना. रुग्णवाहिकेला फोन केला तर पलीकडची बाई हसली. "तोच ना, काळीज पडणारा कारखाना? तुमची म्हातारी आहे ना चढवायला?" गाडी पाऊण तासाने आली.

हृदयाची झडप जन्मापासून अधू होती, असं कागदावर लिहून आलं. उलकानने तो कागद मुलाकडून दोनदा वाचून घेतला.

कान्यशाय ९ नोव्हेंबर २०१७ रोजी, गुरुवारी दुपारी, कारखान्यातच वारली. ती तेवीस वर्षांची होती.