गालाच्या अंतराचा नंबर

मित्रांनो, मी एक जुनी ट्रायल फ्रेम आहे. डोळ्यांचा नंबर काढताना नाकावर चढवतात ना, ती गोल, जड, विचित्र चौकट, तीच मी. मला घालून आजवर कोणीही देखणं दिसलेलं नाही. आजोबांच्या नाकावर मला पाहून नातवंडं खुदकन हसतात. हसू देत बापडी! माझ्या खाचांत एकेक भिंग बसवून कितीजणांना हरवलेली अक्षरं परत मिळाली, हे मला ठाऊक आहे.

एका छोट्या कारखान्यात माझा जन्म झाला. ज्या कारागिराने माझे बारीक स्क्रू इतक्या मायेने बसवले, त्याची मी आजही ऋणी आहे. पुढे डोळ्यांच्या दवाखान्यात आले आणि नंबर काढणाऱ्या ताईंच्या हाताखाली कामाला लागले. ताई मला रोज पुसत, 'माझी राणी' म्हणत.

मग मोठं यंत्र आलं. हनुवटी टेकवा, समोर बघा, की नंबर हजर! घर फिरलं की घराचे वासेही फिरतात म्हणतात, ते मी तेव्हा अनुभवलं. माझी रवानगी खणात झाली आणि माझ्या अंगावर किल्ल्यांचा जुडगा येऊन पडला. मला फार वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

एके दिवशी सलूनवाले काका तपासणीला आले, सोबत काकू. काकांच्या दोन्ही डोळ्यांतले मोतीबिंदू काढून डॉक्टरांनी कृत्रिम भिंगं बसवली होती. यंत्र म्हणालं, लांबचा नंबर शून्य. काकांनी भिंतीवरची शेवटची ओळ घडाघडा वाचली. वाचायचा चष्मा लावून बारीक अक्षरांचं कार्डही, जिथे धरायला सांगितलं तिथे धरून, वाचलं.

"काही तक्रार?" ताईंनी विचारलं.

"छे हो! डॉक्टरसाहेबांची कृपा. सगळं लख्ख दिसतंय."

काकूंना राहवेना. "कसलं लख्ख? वस्तऱ्याला हात लावत नाहीत हे. गिऱ्हाईक आलं की सांगतात, हात दुखतोय. आता तर दुकान बंद करायचं म्हणतात!"

"अगं, गप्प बस. एवढं छान ऑपरेशन केलं त्यांनी, वर आपण कुरकुर करायची?"

"आधी चष्मा कपाळावर सरकवून दाढ्या करायचे, एक केस सुटायचा नाही. आता लांबची बस दिसते आणि हाताखालचा गाल दिसत नाही. सांगा की, अहो!"

काका मान खाली घालून म्हणाले, "कुणाला कापलं म्हणजे? भीती वाटते, ताई." एवढा धिप्पाड माणूस, पण आवाज रडवेला झाला होता.

कपाळावरचा चष्मा ऐकला आणि ताईंच्या सगळं लक्षात आलं. काकांना पूर्वी लांबचं पाहायला चष्मा लागायचा; तो काढला की गालाच्या अंतरावरचं आपोआप स्पष्ट दिसायचं. नव्या भिंगांनी लांबचं दाखवलं, पण कृत्रिम भिंग नजरेबरोबर मागेपुढे जुळवून घेत नाही. पुस्तकाचा चष्मा पुस्तकाजवळच चालतो. मधलं अंतर कुणी मोजलंच नव्हतं!

पण ते मोजायचं कसं? यंत्रापुढे हनुवटी टेकवून दाढी थोडीच करता येते? ताईंनी खण उघडला, किल्ल्या बाजूला केल्या आणि मला काकांच्या नाकावर चढवलं. मित्रांनो, त्या क्षणी माझ्या आनंदाला पारावार उरला नाही.

"उठा काका. रोज उभे राहता तसे उभे राहा. गिऱ्हाईक हवं, नाही का? डॉक्टर, जरा या हो इकडे!"

डॉक्टर हसत खुर्चीत बसले. काकांच्या हाती वस्तऱ्याऐवजी पट्टी. ताईंनी वाचायच्या नंबरापासून सुरुवात केली आणि माझ्या खाचांतली भिंगं थोडी थोडी कमी जोराची करत नेली. "अजून धूसर... अजून... थांबा, थांबा!" काका वाकले. डॉक्टरांची हनुवटी दोन बोटांनी अलगद वर उचलली आणि गालाकडे निरखून पाहिलं.

"डॉक्टरसाहेब, रागावू नका. कानाखाली दाढी राहिलीय तुमची."

सगळे खळखळून हसले. काकू मात्र पदराने डोळे पुसत होत्या.

डॉक्टर म्हणाले, "हे मला आधीच सांगायचं होतंत, काका. मी रागावलो नसतो."

मित्रांनो, उपकार मानावेत, जरूर मानावेत. पण उपकाराच्या भाराखाली आपली अडचण दडवू नये. घरातल्या आजी-आजोबांचं ऑपरेशन झालं, तर "दिसतं का?" एवढंच विचारू नका. त्यांचं रोजचं काम कोणतं, ते हातभर लांब आहे की वीतभर, हेही विचारा. आणि माझ्यासारख्या जुन्या वस्तू दिसल्या, तर त्यांच्यावर किल्ल्या टाकू नका, एवढं माझ्यासाठी करा.

नवा चष्मा मिळाल्यावर काका पुन्हा एकदा आले, तेही स्वतःहून. त्यांनी दाढीचा एक मऊ, कोरा ब्रश आणला होता. मला हातात घेऊन त्यांनी माझ्या स्क्रूंतली धूळ हळुवार झाडली. मग डॉक्टरांना खुर्चीत बसवलं, वस्तरा उघडला आणि कानाखालची ती जागा साफ करून दिली.