एकटीसाठी जोडीदार

तिने ऑक्सिजनची नळी त्याच्या कानामागे नीट बसवली आणि लॅपटॉप त्याच्या मांडीवरून आपल्याकडे ओढला. पडद्यावर दोन गावे उघडी होती. एका गावाला लांब, उथळ वाळूचा किनारा होता आणि हॉटेलपासून पाण्यापर्यंत चाकाची खुर्ची जाईल असा उतार. दुसऱ्या गावात नुसते खडक आणि एक बोटींचा धक्का, पण त्या खडकांखाली प्रवाळाची भिंत सरळ खोल उतरत होती. तिथे बुडी मारायची, असे दोघे लग्नापासून म्हणत आले होते.

"हे," तो खडकांवर बोट ठेवून म्हणाला.

"तुम्ही धक्क्यावर बसून काय करणार? मासे हाकणार?"

"तुझे बुडबुडे बघेन. इतकी वर्षं पाण्याखाली तू माझ्यावर डोळे वटारलेस. आता जरा..." त्याला दम लागला. ती थांबली. "...मला लांबून मजा बघू दे."

"बोलू नका हो इतकं. वाळूचं गाव ठरलं. मी खोली सांगून ठेवते."

डॉक्टर 'जाऊन या' म्हणाले होते, आणि पुढे काही बोलले नव्हते. ती स्वतः इस्पितळात फुफ्फुसांच्या तपासणीच्या खोलीत काम करायची. "फुंका, अजून, अजून, सोडू नका," असे दिवसभर परक्यांना सांगायची. त्याची शेवटची तपासणी मात्र तिने सहकारी बाईंना करायला लावली होती.

ती चहा टाकायला आत गेली. आधण ठेवते तोच बाहेरून त्याचा आवाज आला. फोन स्पीकरवर होता, कानाशी धरून ठेवला की त्याचा हात दुखे.

"तुमच्याकडे एकट्या माणसाला बुडीसाठी जोडीदार मिळतो ना? ... बाई आहेत. अनुभवी आहेत. फक्त उतरताना डावा कान लवकर मोकळा होत नाही. ती सांगणार नाही, दुखलं तरी उतरत राहील. जोडीदाराला म्हणावं, घाई करू नको."

तिला हसू आले. शेवटी खडकांचेच गाव ठरवले होते स्वारीने. 'अहो, माझ्या चहाड्या पुरेत' असे ओरडणार, इतक्यात पलीकडच्या माणसाने विचारले, "तारीख काय धरू, साहेब?"

"तारीख ती देईल. एवढ्यात नाही." श्वास. "या मोसमात तिला जमायचं नाही. पुढच्या मोसमात तुम्हीच एक फोन करा."

"बरं."

"ती नको म्हणेल. मग थोड्या दिवसांनी परत करा."

पलीकडचा माणूस हळू आवाजात म्हणाला, "करतो, साहेब."

आधण उकळून उतू जाऊ लागले. तिने गॅस बंद केला आणि ओट्याची कड धरून उभी राहिली. बाहेर त्याचा श्वास पूर्ववत व्हायला बराच वेळ लागला. तोवर ती हलली नाही.

ती बाहेर आली तेव्हा त्याने पडद्यावर वाळूचे गाव उघडून ठेवले होते.

"तुझंच खरं," तो म्हणाला. "इथेच जाऊ. ते दुसरं राहू दे, बघू पुन्हा कधीतरी."

ती त्याच्या शेजारी बसली. त्याच्या मांडीवरची चादर सारखी केली.

"उजवा," ती म्हणाली.

"काय?"

"माझा उजवा कान दुखतो. डावा नाही. उतरताना तुम्ही नेहमी माझ्या समोर असायचात, म्हणून तुम्हाला डावा वाटतो."

त्याने फोन उचलून तोच नंबर पुन्हा लावला. पलीकडून "बोला, साहेब" आले. त्याने तोंड उघडले, पण त्याला दम लागला. तिने हळूच त्याच्या हातातून फोन घेतला.

"मी बोलतेय," ती म्हणाली. "यांनी आत्ता जे सांगितलं ना, त्यात एवढी एकच दुरुस्ती आहे."